छावणी नावाचा फोल्डर

"आत कोण बसलंय?"

दारातल्या तरुणाने हे इतक्या गंभीरपणे विचारले, की संघाची कारकून शिवकांता संगणकावरून मान वर न करताच हसली. "खोलीत मी एकटीच आहे. दिसत न्हाय व्हय?"

"खोलीत नव्हे हो... फोल्डरात."

आता तिने वर पाहिले. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्याची धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. डोळे मात्र स्वच्छ होते — आणि पुरते गोंधळलेले.

रामलिंग सोलापूरहून आला होता, सहकारी संघाचा नवा संगणक दुरुस्त करायला. तक्रार एवढीच, की जनावरांच्या चारा छावण्यांच्या नोंदींचा 'छावणी' नावाचा फोल्डर पुसला जात नव्हता. पुसणे निकडीचे होते, कारण दुष्काळ संपला होता. आभाळाला याची कल्पना नव्हती आणि तेरणेच्या पात्रात वाळूच होती. पण संघाचे अध्यक्ष आण्णासाहेब यांनी ठराव करून दुष्काळ संपवला होता. उरलेला चारा आता त्यांच्या सोयऱ्यांच्या गोठ्यांकडे निघणार होता.

"त्या फोल्डरवर वेगळी डिस्क जोडलेली आहे," रामलिंग म्हणाला. "ती सोडवल्याशिवाय फोल्डर पुसता येत नाही. आणि कुणी आत काम करत असलं, की डिस्क सुटत नाही. शेवटी यंत्रालाच विचारलं, कोण आहे? त्यानं तुमचं नाव सांगितलं."

"चुगलखोर दिसतंय."

"आणि मी सकाळपासून तारा तपासतोय!"

"बघितलं की. पलीकडच्या खोलीत टेबलाखाली शिरला होतात. लई कष्टाळू वाटलात."

तो लाजला. लाजणारा इंजिनियर तिने प्रथमच पाहिला. क्षणभर तीच नजर चुकवून बसली. "जरा... बाहेर येता का?" त्याने विचारले.

कोपऱ्यातला प्रिंटर करकरत होता. "तेरच्या छावणीच्या चाऱ्याच्या चिठ्ठ्या छापतेय," ती म्हणाली. "शिक्क्याची चिठ्ठी हातात पडली, की चारा द्यावाच लागतो, निवडणुकीच्या वर्षात कोण नाकारतंय? गाडीवाले खाली थांबलेत. अजून निम्म्या राहिल्यात. मी उठले, की तुम्ही पुसणार... अन् आमच्या गावची जनावरं खाटकाच्या दारात जाणार."

"मी तुम्हाला इथून बाहेर काढू शकतो. एका आज्ञेत."

"ठाऊक आहे मला." तिचा आवाज स्थिर होता; शाईने माखलेली बोटे कळफलकावरून हलली नाहीत. "काढा की मग."

त्याने त्या बोटांकडे पाहिले. मग तो आत आला, प्रिंटरपाशी गेला, आणि संपत आलेल्या कागदाला नवा गठ्ठा जोडून दिला.

एवढ्यात बाहेरून खाकरणे ऐकू आले. रामलिंग चटकन दाराबाहेर गेला आणि त्याने दार आपल्यामागे ओढून घेतले.

"झालं का हो इंजिनियर?" आण्णासाहेबांचा आवाज.

"नाही. डिस्क कामात आहे. जबरदस्तीनं सोडवली, तर सगळा संगणक बिघडेल. तुमची मतदारयादीसुद्धा जाईल."

हे अर्धेच खरे होते. पण अध्यक्षांच्या काळजाला यादीइतके दुसरे काहीच भिडत नसे. "किती वेळ म्हणायचा?"

"तिचं काम होईपर्यंत."

"कुणाचं?"

"डिस्कचं, साहेब."

दाराआड शिवकांताने पदर तोंडात कोंबला.

"तुमच्या मालकाला फोन लावतो मी! उद्या दुसरा माणूस पाठवा म्हणून सांगतो." पावले दूर गेली.

"नोकरी जाईल तुमची," तो आत येताच ती म्हणाली. या वेळी तिला हसू आले नाही.

"जाईलही." तो तिच्याशेजारी बसला आणि चिठ्ठ्या फाडून लावू लागला. "शिक्का कुठं मारायचा?"

उन्हे कलली, तेव्हा शेवटची गाडी चिठ्ठी घेऊन गोदामाकडे वळली. शिवकांता फोल्डरमधून बाहेर आली — आपण होऊन. रामलिंगने डिस्क सोडवली, आज्ञा दिली. 'छावणी' डोळ्यांदेखत नाहीशी झाली. दुष्काळ आता यंत्रातूनही संपला होता. दोघे मोकळ्या पडद्याकडे पाहत राहिले.

"आता इथं थांबायला मला कारण उरलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे... संघाचं कारण. माझं आहे. तुमच्या घरी येऊन बोललं तर चालेल?"

या मुलखात तांब्याभर पाण्याच्या आधी जो प्रश्न विचारला जातो, तो त्याने दिवसभरात विचारलाच नव्हता. म्हणून तिनेच उत्तर दिले, शब्द नीट निवडून.

"तेरला बुद्धविहाराच्या शेजारी घर आहे आमचं. काय ते समजून घ्या... आणि मग ठरवा."

"समजलं." तो उठला. "विहारापर्यंत बस जाते, का पुढं चालावं लागतं?"

शिवकांताने त्याच्याकडे पाहिले. डोळे तसेच होते. गोंधळ तेवढा गेला होता.

"चालावं लागतं," ती म्हणाली. "रविवारी या. दादा घरी असतात. अन् हे बघा... त्यांच्यासमोर नका लाजू."