पिल्लाचा दंश

मृण्मयीने दंशवाचकाच्या काचेखाली हाड ठेवलं.

डायनोसॉरच्या मांडीचं ते हाड तिच्या वडिलांनी, डॉ. दामोदर लांजेवारांनी, छत्तीस वर्षांपूर्वी चंद्रपूरकडच्या माळावर खणून काढलं होतं. त्यावर तीन खोल दंश होते आणि दोन लहान, एकमेकांवर चढलेले. मोठे शिकारी डायनोसॉरचे, लहान त्याच्या पिल्लाचे, असं वडिलांचं म्हणणं. त्यांनी लिहिलं होतं, ‘प्रौढाने आधी स्वतः चाखले, मग पिल्लाला दिले.’ परिषदांमध्ये लोक हसले होते. वडिलांना जाऊन आता सहा आठवडे झाले होते.

"हे यंत्र पाहते तरी काय?" काझीकाकांनी विचारलं. ते वडिलांचे उत्खननातले जोडीदार.

"खाचेची खोली, कड, दाबाचा वेग. त्यावरून दात कोणाचा, वय काय, भुकेने चावलं की आणखी कशाने, ते कळतं. आधी कोण, नंतर कोण, तेही."

"मग राहू दे ना, पोरी. गेलेल्या माणसाची परीक्षा कशाले घेऊन राहिली?"

"तपासणीचा अर्ज बाबांचाच आहे, काका."

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. पहिले तीन दंश: मोठा शिकारी, फाडणे. तिने श्वास सोडला.

चौथा: प्रौढ मानव. पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला. भूक नाही; पारख.

"दाम्या, लेका!" काका खुर्चीत बसले. वडिलांचा तो दात सुपारीने तुटला होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"हाड का दगड, ते आम्ही चाटून पाहत होतो," ते म्हणाले. "हाड जिभेले चिकटते. शंका राहिली की हा दात लावायचा. तिथलं ओलं हाड खडूसारखं मऊ, डिंक पाजला की टणक. दोन वर्षांनी साफ केलं, तेव्हा कोणाले आठवते?"

मग त्यांनी हळूच विचारलं, "पुसता येते का ती ओळ?"

"येते."

तिने पुसली नाही. पाचवी ओळ अजून यायची होती.

पाचवा: मानव. दुधाचा दात, वय पाच ते सहा. चौथ्याची ओल सुकण्याआधी, त्याच जागी. भूक नाही, अनुकरण.

"छावणीवर लहान मूल कोण होतं, काका?"

"एकच. फ्रॉकच्या खिशात दगड भरून फिरायचं."

मृण्मयीने अहवाल उघडला. सिद्धान्त मागे घेतल्याचं आधी लिहिलं. मग चौथ्या दंशासमोर वडिलांचं नाव घातलं, पाचव्यासमोर स्वतःचं. वर्तनाच्या रकान्यात मात्र बाबांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं:

‘प्रौढाने आधी स्वतः चाखले, मग पिल्लाला दिले.’