सहाव्या खंडातली फुली

ही गोष्ट खरी आहे. माझं वय आता सत्त्याहत्तर. या वयात खोटं सांगून मला काय पदरात पाडून घ्यायचंय?

आधीच सांगते, यात अमावास्या नाही, स्मशान नाही. जे घडलं ते दिवेलागणीला घडलं. भरल्या ऑफिसात, टेबलावर चहाचे कप तसेच असताना. त्रेपन्न वर्षं झाली. एकवीस नोव्हेंबर होता, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलं.

ताई एका कोशाच्या ऑफिसात कामाला होती. जगातल्या सगळ्या लोकसमूहांचा कोश, आठ खंडांचा. डोंगरातले, वाळवंटातले, बेटांवरचे, लाखांनी असलेले आणि मूठभर उरलेले... प्रत्येकाचं एक कार्ड. राहतात कुठे, किती आहेत, बोलतात काय, चालीरीती कोणत्या. ती हजारावर कार्डं एका लाकडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली ताईच्या कमरेला.

आई म्हणायची, "जगाची खानेसुमारी हिला पाठ, पण घरी पाहुणा आला की विचारते, हे कोण?"

ऑफिसचा एक नियम होता. नोंद छापण्याआधी त्या भागातल्या कुणाला तरी पत्र पाठवून खातरजमा करायची. तीन पत्रांना उत्तर आलं नाही आणि दुसरीकडूनही काही कळलं नाही, तर नावापुढे एक छोटी फुली छापायची.

फुली म्हणजे नामशेष. ते लोक आता नाहीत.

सहाव्या खंडात अशीच एक छोटी नोंद होती. एका नदीच्या पार वरच्या अंगाला राहणारे लोक. कार्डावर लिहिलं होतं, संख्या अकरा. तीन पत्रं गेली. उत्तर नाही. ताईने स्वतःच्या हाताने फुली मारली.

आणि ते पान छापून झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पत्र आलं.

तिकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचं होतं. पुरामुळे टपाल अडकलं होतं म्हणे. लिहिलं होतं : "ते सगळे आहेत. परवा एक मुलगी झाली, अजून नाव ठेवलेलं नाही. आता बारा. म्हातारी मला रोज विचारते, पुस्तकात आम्हाला लिहिलं ना? कृपा करून बारा लिहा."

ताई पत्र घेऊन संपादकांकडे धावली. त्यांना सगळे काका म्हणत.

"पान छापलंय गं," काका म्हणाले. "शुद्धिपत्रात घाल. शेवटी चुकांची यादी जातेच की आपली."

ताईने पत्र जाड शब्दकोशात घालून ठेवलं.

शुद्धिपत्र छापायला द्यायच्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या फोनवरून तिला फोन केला. माझी नोकरीची मुलाखत होती. "ताई, लवकर ये ना, तुझं घड्याळ हवंय मला." ती म्हणाली, "आले गं बाई, जीव खाऊ नकोस." चौदा चुकांपैकी तेरा लिहून तिने कागद छापखान्यात दिला आणि घरी आली.

चौदावी राहिली.

मला नोकरी लागली. ताईला पुढे दोन महिने त्या पत्राची आठवणही झाली नाही.

एकवीस नोव्हेंबरला सहावा खंड बांधून आला. सगळ्यांनी चहा घेतला. अंधारून आलं म्हणून ताईने दिवा लावला, आणि...

टक्.

लाकडावर बोटाने ठोकावं तसा आवाज. कार्डांच्या कपाटातून.

मग दुसरा. मग तिसरा. घाई नाही, गडबड नाही. मधे तेवढीच शांतता... जणू त्या शांततेत कुणीतरी काहीतरी म्हणत होतं, आणि ते तेवढं ताईला ऐकू येत नव्हतं.

बारा वेळा. मग थांबलं.

"भिंगमास्तर, ऐकलंत?" मुद्रितं तपासणारे गृहस्थ दिवसभर भिंग घेऊन बसत, म्हणून त्यांचं हे नाव.

"काय ऐकायचं? वाळवी असेल. हजार जमाती खाऊन अजून पोट भरलं नसेल तिचं."

सगळे हसले. ताईही हसली.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला. पुन्हा बारा.

तिसऱ्या दिवशी... अकरा.

बाराव्याची जागा रिकामी राहिली. शांतता तेवढाच वेळ थांबली, वाट पाहिल्यासारखी. टक् आली नाही.

नंतर दहा. मग नऊ. ताई वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत होती. कुणाशी बोलावं? ऐकू तर फक्त तिलाच येत होतं.

ज्या संध्याकाळी नऊच आल्या, त्या संध्याकाळी तिने आवाजाच्या रोखाने खण उघडला. एक कार्ड इतरांपेक्षा बोटभर वर आलेलं होतं. चालीरीतींच्या रकान्यात तिचंच अक्षर होतं.

"रोज दिवे लावताना वस्तीतली सर्वांत वृद्ध स्त्री प्रत्येकाला हाक मारते. तोंडाने ओ द्यायची नाही. जवळच्या लाकडावर एकदा ठोकायचं. सगळ्यांचं ठोकणं ऐकल्याशिवाय कुणी जेवत नाही."

 ताईने शब्दकोश उघडला. पत्र तिथेच होतं.

"काका, मी त्यांना जिवंतपणी मारलं."

काकांनी चष्मा काढला. "वेडी आहेस का? छापलं म्हणून माणसं मरत नसतात. पुढच्या आवृत्तीत सुधारू."

"पुढची आवृत्ती दहा वर्षांनी. तोवर ते मेलेलेच?"

 काकांनी गोदामाची किल्ली पुढे सरकवली.

तिने नर्सबाईंना तार केली, आणि रविवारी आम्ही दोघी गोदामात गेलो. चारशे बारा प्रती शिल्लक होत्या. मी पान उघडून द्यायची, ताई फुली खोडून शाईने लिहायची : बारा. आहेत. शाईने तिची बोटं काळी झाली. शेवटी मीच म्हटलं, "पुरे गं, हात बघ तुझा." ती ओरडली, "तू गप्प बस! तुझ्याच घड्याळापायी झालंय हे."

आयुष्यात ती माझ्यावर तेवढी एकदाच ओरडली. मी पुढचं पान उघडून दिलं.

तीन रविवार लागले. मधल्या संध्याकाळी ताई ऑफिसात बसून मोजत होती. सात. चार. चार. दोन.

शेवटच्या प्रतीतली फुली खोडली, त्या दिवशी ती गोदामातून तशीच ऑफिसात गेली. दिवा लावला.

एकच आली. अगदी हलकी... लहान मुलाची मूठ आपटावी तशी.

दुसऱ्या दिवशीही एक. तिसऱ्या दिवशीही. मग ती एक कमी झाली नाही.

जानेवारीत नर्सबाईंचं उत्तर आलं. वस्तीत तापाची साथ आली होती. पहिला माणूस तेवीस नोव्हेंबरला गेला. त्यांनी प्रत्येकाची तारीख दिली होती. ताईने वही काढून शेजारी ठेवली.

एकही रेघ चुकली नव्हती.

शेवटी लिहिलं होतं : "मुलीला मी माझ्याबरोबर नेते आहे. बदली झाली आहे. नवा पत्ता कळवीन." तो पत्ता कधीच आला नाही.

ताई म्हणायची, "तिला हाक मारणारं आता कोण आहे गं?"

म्हणून तीच मारायला लागली. सहाव्या खंडाची एक प्रत तिने घरी आणली आणि लाकडी फळीवर ठेवली. जन्मभर, रोज दिवा लावला की ती फळीकडे बघून विचारायची, "आहेस ना?" मग कान देऊन उभी राहायची, आणि मगच जेवायला बसायची. आम्ही हसायचो. मला कधीच काही ऐकू आलं नाही. ताईचं खूळ म्हणून आम्ही सोडून दिलं.

गेल्या वर्षी ताई गेली. पुस्तक माझ्याकडे आलं.

बरेच दिवस मी काही विचारलं नाही. धीरच होईना. पण जेवण गोड लागेनासं झालं. कुणीतरी हाकेची वाट बघत बसलंय, असं सारखं वाटायचं.

मागच्या मंगळवारी दिवा लावला आणि विचारलं, "आहेस ना?"

टक्.

माझ्या हातातली काड्यापेटी खाली पडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा... मला ऐकू आलं. मूठ आता लहान नव्हती.

मनात म्हटलं, चला, आहे. वळणार, तेवढ्यात...

टक्.

दुसरी. निराळी.

ती मुलगी आता त्रेपन्न वर्षांची असेल. तिला लेकरू झालं असेल. संख्या दोन. असंच असेल, असं मी स्वतःला समजावते.

पण ताईला एक सवय होती. विचार करताना ती पेन्सिलीचं बोथट टोक टेबलावर आपटायची. आमच्या घरात तो आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलाय.

दुसरी टक् तशी होती... की नव्हती?

रोज दोन येतात. मी रोज ऐकते, आणि मगच जेवते. फक्त दुसऱ्या टक्‌ला कोणत्या नावाने हाक मारायची, ते अजून ठरवता आलेलं नाही.