पान एकशे चारवरची चूक

सकाळी स्वेटर घालताना तिसरं बटण हातात आलं, आणि हातातून सुटून कपाटाखाली गेलं. काठी घालून पाहिलं, तर लाल पेन्सिलीचा एक तुकडा निघाला. बटण काही निघालं नाही.

"काढून ठेव स्वेटर. लावते मग दुसरं," शिलाई मशीनवरून मान वर न करता ताई म्हणाली.

ताई म्हणजे थोरली बहीण. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले, तर या धाकट्या भावाने चाळीस वर्षं एका छापखान्यात लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. छापखान्यात त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत, कारण चारचौघांत बोलताना ते दर तीन शब्दांनी अडत आणि समोरच्याचा चहा निवे. ताईपुढे मात्र तोंडाचा पट्टा सुरू.

"एवढं पिवळंधमक काय शिवतेस?"

"पडदे."

"आपली खिडकी कुठे एवढी उंच आहे?"

"आपले कोण म्हणालं? गिऱ्हाइकाचे आहेत. तू जा, उशीर होतोय. आज तुझा निकाल ना?"

निकालच होता. निवृत्त झाल्यावर स्वल्पविरामांनी चोरून, भीतभीत एक कादंबरी लिहिली होती. माणसं झोपली की ज्या गावात जाऊन राहतात, त्या गावाची. तिथे जिने घडी घालून काखेत मारता येत आणि शेळ्या उडत. छापखान्याचा मालक जुना मित्र. त्याने हौसेने छापली. वर्ष झालं. निम्म्या प्रती त्याच्याकडे जिन्याखाली पडून होत्या. शेवटी स्वल्पविरामांनीच सांगून टाकलं, की बाबा रे, कटिंग मशीनखाली घाल आणि मला मोकळं कर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याने स्वतः पुस्तक लिहू नये, हे त्यांचं मत पक्कं झालं होतं.

"आधी वाचनालयातले अभिप्राय वाच," मित्र म्हणाला होता. "येत्या गुरुवारी पेटी उघडणार आहेत. दुपारी मला सांग. कापायचं तर कापू, नाहीतर या खपवून दुसरी आवृत्ती काढू."

ताईने कादंबरी हातात धरली नव्हती. "स्वप्नं वाचून कुणाचं पोट भरलंय?" एवढंच तिचं मत.

त्या वाचनालयाची एक रीत होती. पुस्तक परत करताना वाचकाने एका चिठ्ठीवर अभिप्राय लिहायचा, तारीख घालायची, नावाऐवजी व्यवसाय लिहायचा आणि चिठ्ठी कुलूपबंद लाकडी पेटीत टाकायची. किल्ली ग्रंथपाल बाईंकडे. पेटी वर्षातून एकदाच उघडे, त्यामुळे एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला कळायला वाव नव्हता. लेखक गावातलाच असला, तर त्याच्या चिठ्ठ्या पाकिटात घालून त्याच्या हाती देत.

"तेवीस आहेत, काका," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "कवितेवाल्यांना तीन आल्या. ते मघाशी माझ्याशी न बोलताच गेले."

स्वल्पविराम खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. कोवळं ऊन टेबलभर पसरलं होतं. चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि पहिली चिठ्ठी उघडली.

'शेळ्या जरा जास्त झाल्या. पण बाराव्या घरात फार हसलो. – न्हावी.'

दुसरी. 'सुरुवात रेंगाळते. मात्र बाराव्या घरासाठी पुन्हा वाचीन. – परिचारिका.'

तिसरी एका शिक्षकाची. 'लेखकाला शेवट जमलेला नाही. बारावं घर मात्र अप्रतिम. तिथे बोलताना कुणीच अडखळत नाही, हे फार आवडलं.'

स्वल्पविरामांनी चिठ्ठी खाली ठेवली. त्यांच्या कादंबरीत बारावं घर नव्हतं.

म्हणजे, अगदीच नव्हतं असंही नाही. गल्लीत अकरा घरं आहेत, हे पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं होतं. पण प्रुफं तपासणाऱ्यांची एक जुनी समजूत आहे: बिनचुकीचं पुस्तक नसतं, एक चूक लपून राहतेच आणि छापून आल्यावर डोळा मारते. स्वल्पविरामांनी या चुकीवर मात करायची ठरवली. त्यांनी आपल्या हाताने, ठरवून, एक चूक ठेवली. पान एकशे चारवर पोस्टमन गल्लीत शिरतो, आणि 'बारा घरांत बारा पत्रं टाकून' टोकाशी जाऊन बसतो. बस. त्या जादा घराचं दार नाही, खिडकी नाही, आत कोण तेही नाही.

ती चूक कुणीच पकडली नव्हती. उलट सगळे आत जाऊन आले होते.

त्यांनी प्रत मागवली. सवयीप्रमाणे ओळीखाली पट्टी धरून एकशे चारावं पान वाचलं. मग मागची चार पानं, पुढची चार. दुसऱ्याच पुस्तकाच्या पानांचा फर्मा चुकून बांधला गेला असेल, असं वाटून सगळी पानं मोजली. पुस्तक चोख होतं. तेवढं एकच वाक्य.

मग त्यांनी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या.

सुरुवातीच्या चिठ्ठ्यांत घर नुसतंच होतं. ओल्या शाईचा वास, निळा बाक, हसणारी माणसं. उन्हाळ्यापासून त्यात एक टेबल आलं. मग टेबलावर टोक केलेली लाल पेन्सिल. मग टेबलामागे एक खुर्ची, रिकामी. 'तिच्यावर कुणी बसत नाही, सगळे उभे राहतात, पण खुशीत,' असं एका सुताराने लिहिलं होतं, आणि खुर्चीचा सांधा चांगला असल्याचा दाखलाही दिला होता. सप्टेंबरात एका शिपायाची तक्रार: 'खिडकी उंच आहे, वारा लागतो. एक म्हातारी बाई मापं घेत होती.' दोन आठवड्यांपूर्वी एका गवंड्याने लिहिलं होतं: 'एका बाजूला पिवळा पडदा लागला. छान दिसतो.'

स्वल्पविराम खिडकीबाहेर बघत राहिले. पिवळं कापड काय, कुठल्याही दुकानात मिळतं.

"अय्या, ते तुम्ही का?"

काउंटरपाशी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दंतवैद्य बाई उभ्या होत्या. गेल्या वर्षी त्यांनीच यांची दाढ काढली होती.

"बाराव्या घराचे लेखक! आणि माझ्या खुर्चीत तासभर बसून एक शब्द बोलला नाहीत?"

"तोंडात, म्हणजे, तुमचा हात होता," स्वल्पविराम म्हणाले.

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या, की ग्रंथपाल बाईंनी बोट ओठांवर नेलं आणि मग स्वतःच फिस्सकन हसल्या.

"खरं सांगते, काका, मी दिवसभर लोकांना 'आ करा, आ करा' सांगते. तिथे कुणाला सांगावंच लागत नाही. मनातलं असं भडाभडा बाहेर येतं. सकाळी उठले ना, की गाल दुखत असतात हसून."

"उठल्यावर? म्हणजे, वाचून झाल्यावर, ना?"

दंतवैद्य बाईंनी हातातलं पुस्तक उलटसुलट केलं. "तेच ते," त्या म्हणाल्या. "वाचून."

"आणि ती, ती खुर्ची? ती कुणाची?"

"कुणाची म्हणजे! असं काय विचारता?" त्यांनी ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं. दोघी गालातल्या गालात हसल्या, वाढदिवसाची भेट पाठीमागे लपवलेल्या माणसांसारख्या. "तुमच्या शेवटच्या चिठ्ठ्या राहिल्यात वाटतं वाचायच्या."

एकच राहिली होती. सोमवारची. अक्षर दंतवैद्य बाईंचं, ते त्यांना गोळ्यांच्या कागदावरून ओळखीचं होतं.

'आज खुर्ची भरली. आजोबा करड्या स्वेटरमध्ये आले होते. तिसरं बटण हिरवं, बाकीच्यांहून वेगळं. एकदाही न अडता बोलत होते. इतका आनंद मी कधी पाहिला नाही. जायला निघाले, तर कुणी जाऊ देईना.'

सोमवारी स्वेटरची सगळी बटणं जागच्या जागी होती. करडीच होती.

स्वल्पविरामांचा हात आपोआप छातीकडे गेला. अंगात कोट होता.

छापखान्यात मित्र वाटच बघत होता. "पात्याला धार लावून बसलोय. बोल, कापू?"

"नको."

"शाब्बास! म्हटलं नव्हतं, लोकांना आवडलीय? मग दुसरी आवृत्ती." त्याने प्रत पुढे सरकवली. "पण लेका, आधी ती एकशे चारवरची चूक काढ. अकरा घरं आणि बारा पत्रं? चाळीस वर्षं प्रुफं तपासलीस, आणि स्वतःच्याच पुस्तकात घाण?"

"तुला दिसली?"

"मी वाचत नाही रे, मोजतो. बाराचे अकरा कर. दोन शब्दांचं काम."

स्वल्पविरामांनी लाल पेन्सिल उचलली. एक रेघ मारली असती, की संपलं असतं. घर, बाक, खिडकी, खुर्ची. मग कुणी वाट पाहिली नसती, आणि जायला निघाल्यावर कुणी अडवलंही नसतं. जन्मभर ते कुठल्याही घरातून निघाले, तरी त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

त्यांनी 'बारा'वर रेघ मारली.

मशीनवाल्याने चहा आणून ठेवला. तो निवला.

मग त्यांनी त्याच शब्दाखाली बारीक टिंबं दिली, एकापुढे एक, आणि समासात लिहिलं, 'राहू द्या'. रेघ मागे घ्यायची असली, की चाळीस वर्षं असंच लिहीत आले होते.

"अरे, पण चूक आहे ती!" मित्र ओरडला.

"हो," स्वल्पविराम न अडता म्हणाले. "माझी आहे."

रस्त्याने ते जवळजवळ धावतच निघाले. वाटेत बटणांचं दुकान लागलं. करडी बटणं काचेतच मांडली होती. क्षणभर थांबले. मग स्वतःशीच हसले आणि पुढे निघाले.

ताई खिडकीपाशी बसली होती. मशीनवर झाकण घातलेलं होतं.

"काय झालं? कापली?"

"नाही. दुसरी आवृत्ती."

"मला ठाऊकच होतं," ताई म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, तरी तिने नाक उडवलंच. "हा घे स्वेटर. करडं बटण काही मिळालं नाही. डब्यात हे एकच होतं, आईच्या कोटाचं. जुळत नाही, पण चालवून घे."

त्यांनी बटणाकडे पाहिलं नाही. बोटाने चाचपलं. चार भोकं, घट्ट टाके.

टेबलावर दोन्ही पिवळे पडदे इस्त्री करून, घडी घालून ठेवले होते. वरच्या पडद्याच्या काठावर लाल शाईचा ओला डाग होता.

"ताई," त्यांनी विचारलं, "हे गिऱ्हाईक कुठलं गं?"

ताईने सुईतला उरलेला दोरा दातांनी तोडला आणि सुई टाचण्यांच्या उशीत टोचली.

"तिकडे वारा फार आहे," ती म्हणाली. "आज स्वेटर घालूनच झोप."