सेर्वाताईची बटणं

"ताई! बटणं!"

बिरागो किंचाळली. भाजलेल्या केळ्याचा घास तिच्या घशातच अडकला!

कोनाडू मॅडमच्या शिवणाच्या दुकानात खिळ्याला सेर्वाताईचा निळा झगा लटकत होता. काल संध्याकाळी त्याला गळ्यापासून खालपर्यंत बटणं होती आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. एक करवंटीचं, एक शिंपल्याचं, एक फौजी कोटाचं पितळी... आणि आज? सगळी एकजात पांढरी!

"हा तर आपला शाळेचा गणवेश झाला," शेजारचा न्सिआ म्हणाला.

"गप रे मेल्या!" बिरागोच्या धाकट्या बहिणीनं, फोसुआनं त्याला चिमटा काढला. "ताईकडे बघ!"

ताई मट्‌कन खालीच बसली होती. कुमासीच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांत हात घालून घालून तिनं ती बटणं जमवली होती. आज दुपारी शिंपी संघटनेच्या बायका येणार होत्या. झगा पसंत पडला तर तिची शिकाऊ उमेदवारी संपणार, डोक्यावर पांढरी पावडर उधळली जाणार, सगळी गल्ली नाचणार! नाही पडला तर आणखी एक वर्ष मॅडमच्या दुकानात झाडू.

"'दुसऱ्या कुणी केलं नाही असं काहीतरी आण,' असं सांगितलंय त्यांनी," ताई रडू लागली. "यात काय आहे आता?"

कोनाडू मॅडम आल्या नि त्यांनी डोक्यालाच हात लावला. "अरे देवा! माझ्या दुकानात चोर?"

"चोर कशाला नवी बटणं लावून जाईल?" बिरागो पुटपुटली. तिला ताईचं रडणं बघवेना. तिनं झगा उजेडात धरला. "हा दोरा बघा! केवढा जाड आणि काळा!"

न्सिआनं गाठ निरखली आणि त्याचे डोळेच विस्फारले. "अगं, हा पोत्याचा टाका! आमच्या वखारीत कोकोची पोती अशीच शिवतात!"

"आणि इथं पोती शिवणारं कोण?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. टाक्यी मामा! मॅडमचे सख्खे भाऊ! जन्मभर कोकोची पोती शिवलेले. आता रोज सकाळी बहिणीचं दुकान उघडून द्यायचे आणि दिवसभर कडुलिंबाखाली ओवारे हा बियांचा खेळ खेळत बसायचे.

पोरं सुसाट पळाली.

झाडाखाली खळगे कोरलेला लाकडी पाट मांडलेला. मामा खळग्या-खळग्यांत एकेक बी टाकत होते. टप्, टप्, टप्... टण्ण!

बिरागो जागीच थिजली. बियांमध्ये ताईचं पितळी बटण! त्यापलीकडे करवंटीचं! शिंपल्याचं! सगळीच की!

"मामा! ही तर बटणं!"

"कसली बटणं?" मामा दचकले. भोवतीच्या म्हाताऱ्यांकडे चोरून बघत ते म्हणाले, "बिया आहेत त्या! किनाऱ्यावरून खास मागवल्यात!"

"वा रे वा! सकाळपासून हीच फुशारकी चाललीय," एक म्हातारा खिदळला.

बिरागोच्या लक्षात आलं, चारचौघांत मारलेली थाप मामा काही मागे घेणार नाहीत. मॅडमना बोलवावं, तर तोवर बटणं खिशात जायची. ती सरळ पाटासमोर मांडी घालून बसली.

"मामा, एक डाव! ज्यानं जे उचललं, ते कायमचं त्याचं. कबूल?"

"चिमुरडी मला शिकवणार? कबूल, कबूल!"

शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडून तिथं दोन किंवा तीन झाल्या, की त्या आपल्या. पण बिरागोचं काहीतरी भलतंच चाललं होतं! हाताशी आलेल्या ढीगभर बिया सोडून ती लांबचा खळगा गाठायची.

"अगं, काय करतेस! हरशील ना!" न्सिआ केस उपटू लागला.

मामांपुढे बियांची रास झाली. "हरली! हरली!" ते मांडी थोपटत ओरडले.

"हरले की!" बिरागोनं ओंजळ उघडली. "पण कबूल केल्याप्रमाणे हे माझं."

ओंजळीत बिया थोड्याच होत्या. बटणं मात्र एक सोडून सगळी होती! म्हाताऱ्यांनी आ वासला आणि मग असा हशा पिकला की झाडावरचे कावळे उडाले.

"असं का केलंत मामा?" बिरागोनं विचारलं. "ताईचं आज सगळं त्या झग्यावर आहे."

मामांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, बिचारीकडे एकसारखी बटणं नसतील. संघटनेच्या बायका हसतील पोरीला. चांगलं करायला गेलो गं! ती जुनी फेकायची म्हणून खिशात टाकली. माझ्या बिया हरवल्या होत्या, म्हणून..." त्यांनी आपली रास उपसली. पण पितळी बटण सापडेना! खेळाच्या धांदलीत ते गटारात घरंगळलेलं फोसुआनं पाहिलं होतं. गटार तर वरून झाकलेलं; फटीतून बटण गेलं, पण हात जाईना!

मामांनी वाकून फटीत डोकावून पाहिलं. मग त्यांनी अंगातल्या सणाच्या सदऱ्याचं, पोटावरचं, हरणाच्या शिंगाचं बटण दातांनी तोडलं. "पळा! ताईला म्हणावं, मऊ दोऱ्यानं लाव."

दुपारी ताईच्या अंगावरचा झगा पाहून संघटनेच्या अध्यक्षबाई ताडकन उठल्या. "हे काय? एकही बटण जुळत नाही?"

मॅडमनी पुन्हा डोक्याला हात लावला.

"मुद्दाम जुळवलं नाही, बाई," सेर्वाताई मान वर ठेवून म्हणाली. "जुळणारी तर सगळेच लावतात."

बाईंनी प्रत्येक बटणावरून बोट फिरवलं. "तीस वर्षं शिवतेय मी. हे मला का नाही सुचलं?" असं म्हणून त्यांनी पावडरचा अख्खा डबाच ताईच्या डोक्यावर उपडा केला!

डावाची हकिकत ऐकलेल्या मॅडमनी बिरागोला जवळ ओढलं. "पोरी, जिंकायचं काय नि सोडायचं काय, हे मोठ्यांनाही कळत नाही. तुला कळलं!"

अध्यक्षबाईंची नजर तेवढ्यात कोपऱ्यात गेली. "टाक्यी, अहो, समारंभाला असं येतात? पोट दिसतंय तुमचं! बटण कुठंय?"

मामांनी छाती फुगवली. सदरा आणखीच फाकला. पावडरनं माखलेल्या सेर्वाताईकडे बोट करून ते म्हणाले, "ते काय, तिथं! सगळ्यात वरचं!"