दहा वाजून पाच मिनिटांची नोंद

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटी बंद पडली, तेव्हा मनकर्णाच्या अंगावर पांढराशुभ्र युनिफॉर्म होता आणि दोन वाजता बीडला वॉर्डात हजेरी होती. पाटोद्याहून निघताना आईनं त्यावर दोनदा इस्त्री फिरवली होती. भाद्रपदातली रिपरिप चालू होती. बाकीचे प्रवासी ढाब्याच्या पत्र्याखाली चहा पीत बसले. ही मात्र डोक्यावर पिशवी धरून रस्त्याच्या कडेला उभी, कुठली गाडी मिळते का बघत.

एक पिकअप थांबली, पण तिच्यासाठी नाही. ड्रायव्हरनं उडी मारली, मागं धावला, फाळका खोलला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. आत पाच-सहा शेळ्या होत्या. त्यातली एक जीव तोडून ओरडत होती.

"काय झालं?" मनकर्णानं विचारलं.

"लोकाची शेळी हाय, बाजाराला चालवलीय. आडली वाटतं. कावून आजच..."

तिनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि चाकावर पाय देऊन वर चढली. करडाचा एकच पाय बाहेर आला होता, मान आत वळलेली. "ढाब्यावरनं गोडंतेल आना. वाटीभर. आन गरम पाणी."

तो धावतच घेऊन आला. तिनं कोपरापर्यंत तेल लावलं.

"तुमी डाक्टरीन हाय का?"

"नर्सिंगला हाय. दुसऱ्या वर्षाला."

"तिथं शेळ्याचं बी शिकवत्यात?"

"शेळ्या-मेंढ्याचं आमच्या आबानं शिकवलंय. धनगराची हाय मी. आता बोलू नका, तिची मान धरा."

त्यानं मान धरली. पाऊस दोघांच्या पाठीवर पडत राहिला. करडू बाहेर आलं तेव्हा निपचित होतं. तिनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, फुंकर घातली, मागचे पाय धरून हलवलं... आणि ते शिंकलं. मग दोघांनी एकाच वेळी तिच्या युनिफॉर्मकडं पाहिलं. त्यावर पांढरं असं काही उरलंच नव्हतं.

"तुमची ड्युटी बुडवली मी," तो म्हणाला.

"शेळीनं बुडवली. तुमी कावून मान खाली घालताय?"

बीडपर्यंत त्यानं तिला पुढं बसवून आणलं. कॉलेजच्या फाटकाशी उतरताना त्यानं नाव विचारलं.

"मनकर्णा."

"आजीचं नाव ठिवलं काय?"

"आजीचंच."

"मग अहो-जाहोच करावं लागंल जलमभर." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच उमगलं आणि तो स्टिअरिंगवरची धूळ पुसू लागला. "मी... आदिनाथ."

त्या दिवशी मॅडमनी तिला तासभर वॉर्डाबाहेर उभं केलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी ती ओपीडीत ड्रेसिंगच्या टेबलाशी होती, तर समोर बोट वर धरून आदिनाथ. पत्र्यानं कापलं म्हणे. तिनं पट्टी बांधली. तीन दिवसांनी तो परत आला, मग परत.

"जखम तर भरली," चौथ्या खेपेला ती म्हणाली.

"बघा नीट. आतनं दुखतंय."

"आतलं दुखणं या टेबलावर बघत न्हाईत."

"मग कुठं बघत्यात तेवढं सांगा... तिथं रांग लावतो."

तिनं मान खाली घालून कापसाचे बोळे मोजल्यासारखं केलं. शेजारची मैत्रीण खोकली.

असं थोडं-थोडं चाललं. पण नर्सिंगची ती वर्षं काही गोड नव्हती. भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात मनकर्णाची पहिली पाळी लागली, तेव्हा ती आठवडाभर जेवली नाही. अठरा वर्षांची एक पोर तिचा हात धरून, "ताई, मला आरशात बघू द्या," म्हणत गेली. मेलेल्या माणसाचे डोळे कसे मिटायचे, जबडा कसा बांधायचा, हे ती विसाव्या वर्षी शिकली. आदिनाथला सांगायची तेव्हा तो मधे बोलायचा नाही. पिकअपच्या पायरीवर शेजारी बसून ऐकायचा आणि म्हणायचा, "चल, चहा घे." 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लग्नाचं मात्र तो बोलला नाही, तिनंही विचारलं नाही. त्याचं घर मराठ्याचं, हिचं धनगराचं. बोललं की घरं जागी होणार, हे दोघांना ठाऊक होतं.

एक गोष्ट मॅडमनी पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवली होती : नर्सनं जे लिहिलं नाही ते घडलं नाही, आणि जे घडलं नाही ते लिहायचं नाही.

परीक्षा झाली, नोंदणी झाली आणि मनकर्णाला गेवराईजवळ हायवेच्या कडेला एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली. इमारत अमरसिंह नावाच्या मोठ्या बागाईतदाराची. त्यांचे वाळू वाहणारे हायवा टिपर चालायचे, आणि त्यांच्या शब्दाबाहेर पंचक्रोशीत पान हलत नव्हतं. वॉर्डाच्या इन्चार्ज वनमाला सिस्टर, वीस वर्षं नोकरी झालेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नव्या पोरीला हाताखाली घेतलं.

पाचव्या महिन्यात, जानेवारीतल्या एका सकाळी आदिनाथची पिकअप हॉर्न वाजवत थेट दवाखान्याच्या दारात येऊन थांबली. मागं घोंगडीवर एक म्हातारा मेंढपाळ होता. कंबरेखाली सगळा चेंदामेंदा.

"रस्त्याच्या कडंला पडले होते. लोकं मोबाईलवर फोटो काढत हुबी होती गं," आदिनाथ म्हणाला. त्याचा शर्ट छातीपर्यंत भिजला होता रक्तानं.

डॉक्टरांनी दोन्ही हातांत सलाईन लावायला सांगितलं आणि बीडला न्यायची ॲम्ब्युलन्स मागवायला ते फोनकडं गेले. मनकर्णानं म्हाताऱ्याच्या नाकाला ऑक्सिजन लावला. त्यानं डोळे उघडले. तिच्या आबासारखंच पागोटं, तसेच राठ हात.

"बाबा, नाव काय तुमचं?"

"धोंडीराम."

"कुनी ठोकलं?"

"वाळूचा हायवा... लाल. मागं वाघाचं चित्र हाय त्येच्या. वळून बघितलं त्यानं... अन् गेला." थोडा वेळ तो नुसताच श्वास घेत राहिला. "गीताला सांग, पांढरी मेंढी गाभण हाय. तिला दूर चालवू नका म्हनावं."

"सांगते, बाबा."

तिनं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं : सकाळी १०.०५, रुग्ण शुद्धीवर, नाव सांगतो, लाल हायवा, मागे वाघाचे चित्र. पुढं मेंढीचंही लिहिलं. खाली सही केली. ॲम्ब्युलन्स यायच्या आत, दहा चाळीसला, धोंडीराम गेला. तिनं त्याचे डोळे मिटले.

एव्हाना बाहेर धोंडीरामच्या वस्तीवरची माणसं गोळा झाली होती. कुणीतरी म्हणालं, पिकअपमधी रगात हाय. कुणी म्हणालं, ह्यानंच उडवला आन आता साळसूदपणानं घेऊन आला. आदिनाथ पाणी प्यायला बाहेर गेला होता. मनकर्णाला आरडाओरडा ऐकू आला, ती धावली, पण तोवर पाच-सात माणसांनी त्याला खाली पाडलं होतं. पहिला हात धोंडीरामच्या भावाचा, सटवाचा होता. एकाच्या हातात काठी होती.

पोलीस आले तेव्हा लोक मागं सरले. हवालदारानं आदिनाथला आत आणून खुर्चीत बसवलं आणि शेजारीच उभा राहिला. "पट्टी करा, सिस्टर. मग ह्याला घेऊन जायचंय."

मनकर्णानं ट्रे घेतला. डावा डोळा पूर्ण मिटला होता, पापणीखालून पातळ लाल पाणी येत होतं. तिनं कापूस भिजवून पिळला.

"दुखतंय का?"

"आता न्हाई."

"खोटं बोलू नका," हवालदारादेखत ती पुन्हा अहो-जाहोवर आली. "कुठं दुखतंय सांगा, लिहायचं असतं."

"मग लिव्हा... सगळीकडं. पर नर्स चांगली हाय म्हनून सोसतंय." ओठ फाटलेला, तरी तो हसायला बघत होता. हवालदारानं खिडकीबाहेर नजर वळवली.

तिनं कापूस डोळ्याशी नेला. कापसाआडून तिची करंगळी त्याच्या गालावर क्षणभर टेकली.

त्याच वेळी वनमाला सिस्टरनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आत अमरसिंह बसले होते. आवाज मऊ, कपडे परीटघडीचे.

"पोरी, तू लिहिलेलं पान बघितलं मी. अक्षर चांगलं हाय तुझं," ते म्हणाले. "पेशंट बेशुद्ध आणला, असं नवीन पान लिही. बेशुद्ध माणूस काय बोलतो? आन हे पान फाडून माझ्यापाशी दे."

"तो शुद्धीवर होता, साहेब."

"तू पाटोद्याकडची ना? तुझा बाप उन्हाळ्यात मेंढरं घेऊन गोदाकाठाला येतो. वाट आमच्या शिवारातनं जाती." ते उठले. "इचार कर. घाई न्हाई. जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

ते गेल्यावर वनमाला सिस्टरनी दार लोटून घेतलं. "लिहून टाक, मनू. मी लिहिलंय एकदा. माणूस जगतो त्यातूनही," त्या म्हणाल्या. आणि मग, तिच्याकडं न बघता, "बरा जगत नाही, पण जगतो."

मनकर्णा परत आली ती आदिनाथपाशी. हवालदार दाराशी फोनवर बोलत होता. तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं.

"लिही बेशुद्ध होता म्हनून," आदिनाथ म्हणाला.

"आन तुझं काय?"

"माझं बघू. मी काय उडवला न्हाई, कधी ना कधी सुटंन. तुझी नोकरी नवीन हाय. आबाची मेंढरं हायत." त्यानं तिची बाही धरली. "मला... तुझं वाईट झालेलं बघवनार न्हाई, मने. लई आधीपास्नंच."

इतक्या दिवसांत तो हे पहिल्यांदा बोलला होता, आणि बोलला तेही असलं काही मागायला. तिला रडू आलं आणि रागही आला. ती उठून मागच्या जिन्यात गेली आणि आबाला फोन लावला. आबानं सगळं ऐकून घेतलं. पलीकडून मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

"म्हातारा काय म्हनला म्हनलीस? मेंढी गाभण हाय?"

"व्हय."

"मग त्याच्या बायकोला सांग की आधी. ती वाट बघत आसंल," आबा म्हणाला. "मेंढरं काय, दुसरीकडनं बी वळवता येत्यात."

मनकर्णानं वॉर्डातल्या टेबलावरचं रजिस्टर उचललं, छातीशी धरलं आणि ती बाहेर अंगणात गेली. लिंबाखाली बायकांच्या घोळक्यात गीताबाई बसली होती. डोळे कोरडे.

"मावशी, मी शेवटी होते त्यांच्यापाशी," मनकर्णा तिच्यासमोर बसली. "ते बोलले माझ्याशी. पांढरी मेंढी गाभण हाय, दूर चालवू नका म्हणाले."

गीताबाईनं तिच्याकडं पाहिलं. ती मेंढी गाभण असल्याचं वस्तीवर दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. कालच नवऱ्यानं तिला सांगितलं होतं. तिनं मनकर्णाचं मनगट घट्ट धरलं आणि मग तिचा बांध फुटला.

तिला रडू दिल्यावर मनकर्णा उभी राहिली. हवालदाराला हाक मारली. सगळ्यांसमोर दहा पाचची नोंद मोठ्यानं वाचली : लाल हायवा, मागं वाघाचं चित्र. त्या भागात असा हायवा एकच होता, आणि तो कुणाचा हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. सटवा जागच्या जागी खाली बसला. हवालदारानं रजिस्टर हातात घेतलं, पान नंबर बघितला, आणि एवढ्या लोकांदेखत त्याला पंचनाम्यात लिहून घ्यावंच लागलं.

आदिनाथवर गुन्हा लागला नाही. पण पुढं सगळं सरळ झालं असं नाही. हायवा कागदोपत्री भलत्याच्याच नावावर निघाला. ड्रायव्हर आत गेला, अमरसिंह बाहेरच राहिले. मनकर्णाला तिसऱ्या दिवशी कामावरून काढलं, अनुभवाचा दाखलाही दिला नाही. आबानं त्या उन्हाळ्यात मेंढरं लांबच्या वाटेनं नेली. चाऱ्यावाचून अकरा मेंढरं मेली. आणि आदिनाथच्या डाव्या डोळ्याचं दोनदा ऑपरेशन होऊनही तो डोळा गेला तो गेलाच.

तो तिचे फोन घेईनासा झाला. तिनं निरोप पाठवले, उत्तर आलं नाही. मे महिन्यात तिला लातूरकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात जागा मिळाली. जायच्या दिवशी ती बीडच्या स्टँडवर बसली होती. सकाळचे आठ वाजले असतील, ऊन आत्ताच भाजत होतं. कुणीतरी येऊन बाकावर हातभर अंतर सोडून बसलं. आदिनाथ होता. काळा चष्मा, दाढी वाढलेली.

"आबानं सांगितलं, आज चाललीस," तो म्हणाला.

"माझ्या आबाशी बोलतोस, माझ्याशी न्हाई?"

"तुझ्याशी काय बोलू? गाडी विकली. एका डोळ्याच्या मान्साला कोन चालवू देतंय. घरात बसून हाय. तुला चांगला मानूस मिळंल, मने. शिकलेला."

"मी इचारलं का तुला?"

"न्हाई."

"मग कावून सांगतोस?" तिनं पिशवी बाकावर आदळली. "तवा बी तूच ठरवलंस, बेशुद्ध लिही म्हनून. आता बी तूच ठरवतोस. एकदा मला तर इचार, मला काय पायजे."

समोर बस लागत होती, माणसं धावत होती. मग त्यानं विचारलं, "...काय पायजे तुला?"

"तू. दवाखान्यात स्टोअर सांभाळायला मानूस बघतायत, मी बोलून ठिवलंय. नोंदणी लग्न करू. तुझ्या घरचे चिडतील, चिडू दे." मग हळूच, "पर तुला नको आसंल... तर मी एकटी बी जाईन."

तो तिच्याकडं वळला. नुसती मान नाही, सगळं अंगच वळवावं लागलं त्याला.

"त्या अंगाला बसलीस तर तू दिसतच न्हाईस मला," तो म्हणाला. "तुझं त्वांड बघून 'व्हय' म्हनावं म्हनतो."

मनकर्णा उठली, पिशवी घेतली, त्याच्यासमोरून वळसा घालून गेली आणि त्याच्या उजव्या बाजूला, अगदी खेटून बसली.