पलीकडचा काठ

मिठाईचा खोका जांभळ्या कापडात बांधून ओरिकासाने शेजारच्या सीटवर ठेवला. माफी मागायला रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि खोका दिला की कापड मात्र घडी करून परत आणायचं असतं. एवढं त्याला आईने शिकवलं होतं. बाकीचं कुसानोसाहेबांनी शिकवलं.

"'आपल्याला फार त्रास झाला', एवढंच म्हणायचं," साहेब म्हणाले होते. "चूक हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढलास की कंपनी गेलीच कोर्टात."

"हो साहेब."

"आणि वाक. भरपूर वाक. वाकायला पैसे पडत नाहीत."

त्यांची कंपनी गाड्यांसाठी गाणी वाजवणारी आणि वाट दाखवणारी यंत्रं बनवायची. गाडी नेमकी कुठे आणून सोडायची, तो हिशेब ओरिकासाचा. घराला सरळ रेषेत जो रस्ता जवळचा, तिथे पोचलं की यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणे, "ठिकाणाजवळ आला आहात. मार्गदर्शन संपवत आहे," आणि गप्प होई. मध्ये नदी आहे का, हे हिशेब विचारत नसे. गेल्या हिवाळ्यात साकुमा नावाच्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. गावात नवा आलेला डॉक्टर या बाईच्या भरवशावर निघाला आणि पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला. समोर घर दिसत होतं, पूल पार मागे खोऱ्याच्या तोंडाशी. तो वळसा घालून येईपर्यंत म्हातारा गेला होता.

ओरिकासाला तेव्हापासून आरशात बघवत नसे. हिशेब त्याने दुरुस्त केला होता. आज त्याच नव्या हिशेबाने त्याला पुलावरून थेट साकुमांच्या अंगणात आणलं, आणि त्याचीसुद्धा त्याला लाज वाटली.

साकुमा आजी ओसरीवर बसून तुरट पर्सिमॉन सोलत होत्या. सोललेली फळं वाळून गोड व्हायला दोरीला ओळीने टांगलेली होती. त्याने गाठ सोडून खोका पुढे सरकवला, कापडाची घडी खिशात घातली आणि कपाळ फळीला टेकवलं.

"आपल्याला फार त्रास झाला."

"झाला खरा," आजी चहा ओतत म्हणाल्या. "पण तुम्हाला म्हणायचंय काय?"

"आपल्याला... फार त्रास झाला."

"पोपट परवडला." आजींनी नदीपलीकडे हनुवटीने दाखवलं. "तुमच्यापेक्षा तो बरा. तुमच्यातलाच ना? उन्हाळ्यापासून येतोय. तिथूनच वाकतो, काहीबाही बोलतो, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. म्हटलं, पुलावरून ये की बाबा. येतच नाही."

पलीकडे पांढरी गाडी उभी होती. तिच्याजवळ काळ्या सुटातला एक माणूस कमरेतून वाकला होता.

"आमचं दुसरं कुणी येत नाही, आजी."

"मग तो कोण?"

चूक माझी होती. हे शब्द ओरिकासाच्या अगदी ओठांवर आले होते. पलीकडचा माणूस ताठ झाला आणि तोंडाशी हात धरून जिवाच्या आकांताने ओरडू लागला. ओरिकासाने कप उचलला, चहा एका घोटात संपवला आणि शब्दही त्याबरोबर गिळले.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

आजी पुन्हा फळं सोलायला लागल्या. निरोपाला त्यांनी मान वर केली नाही.

गाडीत बसून त्याने स्वतःच्या घराचा पत्ता घातला. शरमेने कान तापले होते. पूल लागला की नाही, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. सीडरच्या झाडीतून रस्ता वळला, आणि यंत्रातली बाई बोलली.

"ठिकाणाजवळ आला आहात. मार्गदर्शन संपवत आहे."

समोर नदी होती.

त्याने खिशात हात घातला. कापड नव्हतं. शेजारच्या सीटवर जांभळं गाठोडं होतं. आत खोका होता, आणि गाठ त्याच्याच हातची होती.

काळा सूट सारखा करत तो आपल्या पांढऱ्या गाडीतून खाली उतरला.

पलीकडच्या ओसरीवर पर्सिमॉनच्या माळा दिसत होत्या. आजी चहा ओतत होत्या. त्यांच्यापुढे काळ्या सुटातला एक माणूस बसला होता.

तो चेहरा बघायचं धैर्य त्याला झालं नाही. तो कमरेतून वाकला.

"चूक माझी होती," तो म्हणाला. एकदा म्हटल्यावर ते मुळीच कठीण नव्हतं. पाण्याच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

तो ताठ झाला. तोंडाशी हात धरून ओरडला, "बोल. अरे, सांगून टाक त्यांना."

आजी त्या माणसाकडे बघत थांबल्या होत्या.

माणसाने कप उचलला.