दुसऱ्या बरणीतल्या अळ्या

"अजून एक पडली!" भोंगा ओरडला.

सुट्टीत मावशीकडे आलेली दोघं भावंडं अंगणातल्या कुंड्यांपुढे उकिडवी बसली होती. आवाज मोठा म्हणून धाकटा भोंगा. कशावरच विश्वास ठेवत नाही म्हणून त्याची ताई शंका. समोर उन्हात फुगेरुई उभी होती. हे नाव मावशीचंच. रुईच्या या दूरच्या बहिणीला केसाळ, हिरव्या फुग्यांसारखी फळं येत. बियांपासून वाढवलेल्या जुन्या झाडावरच्या फुलपाखरांच्या पट्टेदार अळ्यांनी पानं जवळजवळ संपवली होती, म्हणून मावशीने रोपवाटिकेतून नवी रोपं आणली. त्यांवर सोडलेल्या अळ्या मात्र माना टाकत होत्या. आणि उरलेल्या सगळ्या उद्या तिथेच हलवायच्या होत्या!

"ऊन लागलं असेल," रोपवाटिकेचे काका म्हणाले होते. "आमच्या रोपांवर साधा मावासुद्धा बसत नाही!"

शंका त्या वाक्यापाशी अडखळली. जुन्या झाडाचे शेंडे तर या रस शोषणाऱ्या पिवळ्या किड्यांनी भरलेले असत. मावशी रोज ते बोटांनी चिरडायची.

"रोपातच कीटकनाशक आहे. पण काका पुराव्याशिवाय ऐकायचे नाहीत," शंका म्हणाली.

तिने दोन बरण्या घेतल्या. एकीत जुन्या झाडाची पानं, दुसरीत नव्या रोपांची. दोन्हींत तीन-तीन धडधाकट अळ्या.

"ताई, दुसरीतल्या मरतील ना?"

"कदाचित. त्याशिवाय सिद्ध कसं होणार?"

संध्याकाळी पहिल्या बरणीत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. दुसरीत दोघी निपचित होत्या. तिसरीचे पाय हलत होते.

"हिला जुनं पान देऊ या?" भोंगा चक्क हळू बोलला.

शंकाने पान दिलं. अळीने ते खाल्लं नाही.

"बरणी तापली असेल!" दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत काका म्हणाले.

"दोन्ही एकाच खिडकीत होत्या, काका. फरक फक्त पानांचा."

काकांनी मान खाजवली. "रोप लावतानाच मातीत औषध घालतो आम्ही. फुलपाखरांसाठी म्हणून विकताना डोक्यातच आलं नाही!" 'फुलपाखरांचे झाड' ही पाटी त्यांनी स्वतःच उतरवली. "हुशार आहे हो पोरगी!"

"शाब्बास गं!" मावशीने पाठ थोपटली. "बाकीच्या सगळ्या वाचवल्यास!"

परतताना भोंगा ताईच्या हातातली बरणी वाकून बघत होता.

"ताई, बरणीत अळ्यांऐवजी मावा ठेवला असता तर? तो तर मावशी चिरडतेच."

शंकाकडे कुठल्याही प्रश्नावर प्रतिप्रश्न तयार असे. तिने हातातल्या दुसऱ्या बरणीकडे पाहिलं.

"चाललं असतं," ती म्हणाली.